बहुतेक वॉशिंगच्या रॅकवर

पाचपैकी साडेतीन तारे. चौदा महिने वापरल्यानंतरचे आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं कौतुक त्यात नाही आणि तिसऱ्या महिन्यात मी घातलेल्या शिव्याही नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि आमचा करार अजून चालू आहे. पण शक्यतेच्या गणितावर माल शोधणारी कुठलीही यंत्रणा घेणार असाल तर पुढचं वाचा. बनवणारा बदलला तरी खड्डे साधारण याच जागी असतात.

मी गिअर आणि शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे. नाव प्लॅनिंग, पण निम्मा दिवस "तो लॉट कुठाय?" या एकाच प्रश्नात जातो. शॉपमध्ये, म्हणजे मशीनं असलेल्या भागात, एका वेळी अडीचशे-तीनशे लॉट (एकत्र फिरणाऱ्या नगांचे गट) फिरत असतात. टर्निंग, हॉबिंग, डीबरिंग, वॉशिंग, भट्टी, टेम्परिंग, शॉट ब्लास्टिंग, ग्राइंडिंग, इन्स्पेक्शन, आणि मधूनच रिवर्कचा, म्हणजे बाद माल दुरुस्त करायचा, फेरा. रिवर्कला गेलेला लॉट परत कुठल्या दाराने येईल ते रूट कार्डावर, म्हणजे लॉटच्या प्रवासाचे टप्पे लिहिलेल्या कार्डावर, लिहिलेलं नसतं.

आधी बारकोड होता. रूट कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट तारेने डब्याला, आणि प्रत्येक ऑपरेशनला एक स्कॅन. बारकोडशी माझं भांडण नाही, पण तो फक्त लॉट शेवटचा कुठे दिसला ते सांगतो. त्यातही दुसऱ्या शिफ्टचे नऊ-दहा लॉट शिफ्टभरात कधी कधी झालेले असायचे आणि त्यांचे स्कॅन मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, ओळीने. कॉम्प्युटरच्या मते सगळं काम रात्री एका झटक्यात उरकलेलं. ऑपरेटरना मी दोष देत नाही. हात ग्रीसने बरबटलेले असताना दर वेळी जाऊन स्कॅनर कोण धरणार?

नव्या यंत्रणेत प्रत्येक डब्याला आणि ट्रॉलीला आरएफआयडी टॅग आहे, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी खूणचिठ्ठी. तो धातूवर लावायचा वेगळा प्रकार असतो, खाली जाडसर थर असलेला. साधा टॅग लोखंडाला चिकटवला की मुका होतो. विभागांच्या दारांवर रीडर आहेत, फोर्कलिफ्टवर बॅटरीवाले ब्लूटूथ टॅग आहेत, मशीन चालू-बंद झाल्याची खबर येते आणि जुने बारकोड स्कॅनही चालूच आहेत. यातलं काहीच नवं नाही. पैसे मोजले ते या सगळ्यामागे बसलेल्या हिशेबासाठी. तो कुठल्याही लॉटबद्दल "इथे आहे" असं छातीठोक सांगत नाही. तो म्हणतो, वॉशिंगनंतरच्या रॅकवर ६०, इन्स्पेक्शनला ३०, रिवर्कला १०. बेरीज शंभर टक्के.

भट्टीच्या फोरमननी पहिल्या दिवशी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "मॅडम, बहुतेक तर मीही सांगतो. त्याला एवढ्या वायरी कशाला?"

मी म्हटलं, "काका, तुमचं बहुतेक दुपारी जे असतं तेच संध्याकाळी असतं. याचं बदलतं." हे त्यांना पटायला सहा महिने लागले. ते कसं बदलतं ते एका उदाहरणावर सांगते, कारण विकणाऱ्याच्या सादरीकरणात हा भाग नव्हता. तिथे निळे बाण होते.

वरचा ६०-३०-१० चा लॉट घ्या. समजा इन्स्पेक्शनच्या दारावरचा रीडर, लॉट खरंच आत गेला असेल तर १०० पैकी ८० वेळा टिपतो. बाकीच्या वेळी हुकतो; डबा लोखंडाने ठासून भरलेला असतो, टॅग नेमका पलीकडच्या बाजूला येतो. आणि लॉट आत गेलेला नसतानाही १०० पैकी ५ वेळा तो उगाच टिपतो, बाहेरून ट्रॉली घासून गेली म्हणून. आता रीडरने टिपलं, तर इन्स्पेक्शनची शक्यता ३० वरून थेट ८७ वर जाते. यात नवल नाही. पण रीडर गप्प राहिला तर? वॉशिंगचा रॅक ७९ वर जातो, इन्स्पेक्शन ८ वर येतं, रिवर्क १३ होतं. म्हणजे काहीच न घडणं हीसुद्धा एक बातमी असते आणि हा हिशेब ती नोंदवून घेतो. बारकोडला हे कधी जमलं नसतं.

पुढे बघा. ७९ टक्के आहे म्हणून हेल्पर रॅकवर गेला आणि हात हलवत आला. माल समोर असेल तर माणसाला दहांतून नऊ वेळा दिसतो, असं धरलंय. "बघितलं, नाही" हे बटण दाबलं की आकडे होतात रॅक २७, इन्स्पेक्शन २८, रिवर्क ४५. मघाशी जी जागा दुसऱ्या नंबरवर १३ टक्क्यांनी पडून होती ती आता पहिली. आणि रॅक शून्यावर गेलेला नाही, हे लक्षात घ्या. हेल्परची नजर चुकली असेल, एवढी जागा त्याने ठेवली आहे. शॉपमध्ये ज्याने कधी माल शोधलाय त्याला ठाऊक असतं की "मी बघितलं तिथे, नाहीये" या वाक्यावर किती विसंबायचं ते.

हे बटण माझ्या मते या यंत्रणेतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ते तिसऱ्या मेनूच्या आत का दडवलं होतं, ते बनवणाऱ्यालाच माहीत. आम्ही मागे लागून ते पहिल्या पानावर आणायला लावलं.

पुरावा येईल तशी शक्यता बदलत जाण्याचा हा नियम थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा. त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये त्याचा निबंध छापला गेला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माहितीपत्रकात सगळीकडे "कृत्रिम बुद्धिमत्ता" असं छापलेलं होतं. असेलही काही कोपऱ्यात. पण आमच्या शॉपमध्ये जे काम होतं ते गुणाकार, भागाकार आणि कुठलाही आकडा उगाच शून्य न करण्याची शिस्त एवढ्यावर होतं.

आता शिव्यांकडे येते.

पहिली तक्रार ठिपक्याची. बसवून दिलेल्या स्क्रीनवर कारखान्याचा नकाशा होता आणि प्रत्येक लॉटसाठी एक सुंदर हिरवा ठिपका. टक्के कुठेच नाहीत. ठिपक्यावर दोनदा क्लिक केल्यावर दिसायचे. साहेब लोकांना ठिपका फार आवडला. पाहुणे आले की त्यांना तोच दाखवायचा. पण आत ४८-४७ अशी रस्सीखेच चाललेली असताना बाहेर ठिपका मात्र खुंटीसारखा एकाच जागी ठाम. फोर्कलिफ्टच्या बाबतीत तर त्याहून मजा होती. गाडी अर्ध्या शक्यतेने डाव्या रॅकपाशी, अर्ध्या शक्यतेने उजव्या रॅकपाशी असेल, तर त्यांचं सॉफ्टवेअर दोन्हींची सरासरी काढायचं आणि ठिपका दोन रॅकच्या मधल्या भिंतीत दाखवायचं. जिथे गाडी असणं शक्यच नाही नेमकी तीच जागा.

मी विचारलं तेव्हा त्यांच्या इंजिनिअरने सांगितलं की फोर्कलिफ्टसाठी काल्मन फिल्टर वापरलाय, म्हणजे आधीचा अंदाज आणि नवं मोजमाप जुळवून जागा ठरवायची पद्धत. रुडॉल्फ काल्मनची ही पद्धत १९६० ची, अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरली गेलेली, आणि यानासाठी ती उत्तमच. पण तिच्या नेहमीच्या रूपात अंदाजाला एकच टेकडी असते. यान बहुधा इथे, थोडं अलीकडे किंवा पलीकडे. रॅकच्या दोन गल्ल्यांमध्ये मात्र दोन टेकड्या असतात आणि मधे दरी. त्यासाठी १९९३ च्या सुमारास पुढे आलेली कणांची पद्धत आहे: नकाशावर हजारभर काल्पनिक गाड्या सोडायच्या, भिंतीतून जाणाऱ्या आणि सिग्नलशी न जुळणाऱ्या गाळायच्या, उरलेल्यांच्या प्रती काढायच्या. कण दोन्ही गल्ल्यांत उरले तर उरू द्यायचे. पाचव्या महिन्यात त्यांनी ही पद्धत बसवली आणि भिंतीतल्या गाड्या बंद झाल्या. ब्लूटूथ मात्र ब्लूटूथच आहे. सिग्नलच्या जोरावरून अंतर ओळखायचं म्हटलं की मधे माणूस उभा राहिला तरी फरक पडतो. काही मीटर इकडेतिकडे धरूनच चाला. दीड मीटरवरचे दोन रॅक वेगळे ओळखायचे असतील तर सिग्नल पोचायला लागलेला वेळ मोजणारी यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) पद्धत घ्या. तिची अचूकता सेंटिमीटरांत बोलली जाते. पण एका नॅनोसेकंदाला लहर ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे मधे पोलादी रॅक आला आणि लहर वळसा घालून पोचली की तिथेही चूक होतेच.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती मला स्वतः शोधावी लागली.

यंत्रणा ९० टक्के म्हणते तेव्हा ती खरंच दहांतून नऊदा बरोबर असते का? हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारलाच नव्हता. विकणाऱ्याने "९५ टक्के अचूकता" असं सांगितलेलं. कशाची, कधी, कोणी मोजली, कोणास ठाऊक. मी एक शंभर पानी वही केली. रोज सकाळी पाच लॉट डोळे मिटून निवडायचे, पडद्यावरचा आकडा लिहायचा, मग चालत जाऊन बघायचं. बरोबर की चूक. हवामान खात्यांचे "पावसाची शक्यता ७० टक्के" असले अंदाज तपासायला ग्लेन ब्रायरने १९५० मध्ये एक साधी मोजपट्टी दिली होती, तीच वापरली: सांगितलेली शक्यता आणि घडलेलं यातल्या फरकाचा वर्ग. ९० टक्के म्हणालात आणि बरोबर निघालात तर दंड ०.०१. ९० म्हणालात आणि चुकलात तर ०.८१. छातीठोक चुकण्याची शिक्षा भारी. ६० म्हणून चुकलात तर ०.३६ वर सुटका.

पहिल्या महिन्याअखेर वहीत दिसलं की ५०-६० टक्क्यांवाले अंदाज ठीक आहेत, पण ९५ च्या वरचे अंदाज जवळजवळ तीनातला एक चुकतोय. खात्री जितकी जास्त तितकी घोडचूक मोठी. इंजिनिअरला फोन केला तर म्हणाला, "मॉडेल अजून शिकतंय, मॅडम." मी विचारलं, कोणाकडून शिकतंय? कारण चुकलं हे त्याला सांगायची सोयच त्यांनी तिसऱ्या मेनूत पुरली होती.

कारण सापडलं ते असं. वॉशिंग आणि रिवर्क यांच्यामधल्या दारापाशी लोक ट्रॉली उभी करतात. करू नये असं पिवळ्या पट्ट्यांनी लिहिलंय, म्हणून तिथेच करतात. दारावरचा रीडर त्या ट्रॉलीचा टॅग सेकंदाला अनेकदा वाचतो. शेजारच्या पत्र्याच्या कपाटावरून लहरी उलटतात, त्यामुळे आत न गेलेला टॅगही आत गेल्यासारखा दिसतो. यंत्रणा प्रत्येक वाचन हा स्वतंत्र पुरावा धरत होती. मघाचेच आकडे घ्या: ८० विरुद्ध ५, म्हणजे एका वाचनाने पारडं १६ पट झुकतं. दोन वाचनांनी २५६ पट. तीन वाचनांनी ४,०९६ पट. चार सेकंद दारात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीबद्दल जगातली कुठलीही शंका शिल्लक राहत नाही. पण एकाच माणसाने तीच गोष्ट चाळीसदा सांगितली म्हणून चाळीस साक्षीदार होत नाहीत. पहिलं वाचन ज्या कारणाने चुकलं त्याच कारणाने पुढची एकोणचाळीस चुकणार.

हे मी फोनवर याच शब्दांत सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग दोन आठवड्यांनी दुरुस्ती आली: एका दारावर ठरावीक वेळात आलेली सगळी वाचनं मिळून एकच घटना धरायची. त्यानंतर वहीतले ९५ वाले ताळ्यावर आले. आकडे एकूण खाली उतरले, साहेबांना वाटलं यंत्रणा बिघडली. ती तेव्हा कुठे सुधारली होती.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: चूक मान्य करून दुरुस्ती देणारे लोक आहेत ते. तार्‍यांतला अर्धा तारा त्या इंजिनिअरचा.

तिसरी तक्रार फोर्कलिफ्टने उघडी पाडली. ग्राइंडिंगच्या दारावरच्या अँटेनाची केबल काट्यात अडकून तुटली आणि तीन दिवस कोणाला पत्ता नाही. मी वर म्हटलं ना की रीडरचं गप्प राहणं हीसुद्धा बातमी असते? त्याची दुसरी बाजू त्या तीन दिवसांत दिसली. मेलेला रीडर गप्प, म्हणून यंत्रणा सगळे लॉट ग्राइंडिंगच्या बाहेर ढकलत बसली. ग्राइंडिंगला तेवीस लॉट रचून ठेवलेले आणि पडद्यावर तिथली शक्यता दोन-तीन टक्के.

एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं, त्याच्या शोधाची हकिगत मला तेव्हा आठवली. ब्लॅक बॉक्सना पाण्याखाली आवाज देणारी यंत्रं असतात. सुरुवातीच्या शोधात तो आवाज जिथे ऐकू आला नाही ते टापू कमी शक्यतेचे धरले गेले. २०११ च्या सुरुवातीला बेझच्याच पद्धतीने हिशेब पुन्हा मांडताना दोन्ही यंत्रं बंद पडली असण्याची शक्यता त्यात धरली, तेव्हा विमान शेवटचं जिथे माहीत होतं त्याच्या जवळचाच टापू पुन्हा वर आला. नवी मोहीम सुरू झाल्यावर आठवडाभरात, एप्रिल २०११ मध्ये, जवळपास ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले. म्हणजे ऐकणाऱ्याला काही ऐकू आलं नाही, तेव्हा बोलणाराच मुका झाला असेल हा रकाना हिशेबात हवा. आमच्या यंत्रणेत तो नव्हता. आता आहे: एखाद्या दारावर नेहमीच्या मानाने फारच कमी वाचनं आली की आधी रीडरवर संशय, मग मालावर. असा रकाना आहे का, हे तुम्ही घेण्याआधीच विचारा. गोलमोल उत्तर मिळालं तर एका रीडरची केबल त्यांच्यासमोर काढा आणि पडदा बघत बसा.

भट्टी. तिच्याबद्दल वेगळं लिहिते कारण निम्म्या तारांकनाचं नुकसान तिनेच केलं.

लॉट एका जागी किती वेळ थांबतो हे यंत्रणेला ठाऊक असावं लागतं. त्यांनी मार्कोव्ह साखळी वापरली होती, म्हणजे पुढची जागा फक्त आत्ताच्या जागेवरून ठरते. गणित सोपं होतं, पण साध्या साखळीला लॉट कधीपासून इथे आहे याची आठवण नसते. आमची कार्ब्युरायझिंगची (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवायची) फेरी सरासरी ८ तासांची. आठवण नसलेला हिशेब म्हणतो की भट्टीत गेल्यावर २ तासांनीच लॉट बाहेर पडलेला असण्याची शक्यता २२ टक्के. भट्टीचं दार बंद, आत ९०० अंशांच्या वर, आणि पडद्यावर बावीस टक्के टेम्परिंगला! फोरमन काका त्या दिवशी इतके हसले की चहाचा कप खाली ठेवावा लागला. "हात घालून काढला का कोणी?"

भट्टीत माल दोन तासांत बाहेर येतच नाही आणि साडेआठ-नऊ तासांनंतर आत राहतही नाही. डीबरिंगच्या बाकावर मात्र लॉट दहा मिनिटंही राहील आणि दोन दिवसही. दोन्हींना एकच साचा लावून कसं चालेल? आमच्या जुन्या नोंदींतून प्रत्येक जागेचा मुक्कामाचा नकाशा काढून तो बसवायला सातवा महिना उजाडला. त्यातली मेहनत बरीचशी माझी, आणि जुने स्कॅन शिफ्टच्या शेवटी एकगठ्ठा मारलेले असल्यामुळे त्यांतल्या निम्म्या नोंदींची वेळच खोटी. कचरा गाळण्यात सगळा वेळ गेला. घेताना हे कोणी सांगत नाही: रूट कार्डं आणि वेळा यांची साफसफाई तुमच्या गळ्यात पडते.

भट्टीचा दुसरा घोळ टॅगचा. टॅग डब्याला असतो. भट्टीत डबा जात नाही, माल उष्णता सोसणाऱ्या फिक्स्चरवर रचला जातो, आणि रिकामा डबा कोणीतरी उचलून टर्निंगला नेतो. यंत्रणेच्या मते लॉट टर्निंगला परत गेला. सुरुवातीच्या दोन महिन्यांत कार्ब्युराइझ झालेला माल पुन्हा टर्निंगला दिसल्याचे अलार्म रोज वाजायचे. यावर गणिताचा इलाज नाही. भट्टीत भरताना "डबा सुटला" आणि काढताना "डबा धरला" असे दोन स्कॅन माणसानेच मारायचे. विसरला तर विसरला. डबा कुठे आहे हे यंत्रणेला छान कळतं. माल त्यात आहे की नाही, हे तिला सांगावं लागतं.

आणि अजून न सुटलेलं दुखणं: फुटलेला लॉट. २४० नगांचा लॉट, इन्स्पेक्शनला १२ नग बाद होऊन रिवर्कला गेले, २२८ पुढे. पडद्यावर काय दिसावं? आमच्याकडे दिसतं इन्स्पेक्शन ९५, रिवर्क ५. बरोबर वाटतं ना? २२८ भागिले २४० म्हणजे ९५ टक्केच. पण दुसऱ्या कुठल्या लॉटला ९५-५ दिसतं तेव्हा त्याचा अर्थ असतो की अख्खा माल एकाच जागी आहे आणि ती जागा बहुधा इन्स्पेक्शन. इथे माल खात्रीने दोन्ही जागी आहे, शंका कसलीच नाही. एकाच रकान्यात, एकाच रंगात, एकदा वाटा आणि एकदा शंका. रिवर्कचे ते १२ नग या घोळात दोनदा आठवडाभर पडून राहिले, कारण पाच टक्क्यांवर कोण जाऊन बघणार? इंजिनिअरला मी कागदावर डबे काढून समजावलं. त्याला पटलं. पुढच्या आवृत्तीत पोटलॉटला वेगळा नंबर मिळेल म्हणतो. "पुढच्या आवृत्तीत" हे मी तिसऱ्यांदा ऐकतेय.

मग साडेतीन तारे कशाला? रोजच्या कामातल्या दोन गोष्टींसाठी.

एक यादी आहे, "सर्वांत अनिश्चित". ज्या लॉटांचे टक्के सगळीकडे पसरलेत ते वर, ज्यांचं एका जागी बस्तान आहे ते खाली. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये दिलेली अनिश्चितता मोजायची रीत तिच्यामागे आहे. मी सकाळी वरचे दहा लॉट काढते आणि हेल्परला घेऊन वीस मिनिटं फिरते. पूर्वी महिन्यातून एकदा अख्खं शॉप थांबवून मोजणी व्हायची आणि ती संपेपर्यंत शिळी झालेली असायची. आता ज्याबद्दल शंका आहे तेवढंच बघायचं. सापडलं की त्याच्याबरोबरच्या इतरांचेही आकडे सावरतात. एकाच ट्रॉलीवर गेलेले लॉट एकमेकांचे साक्षीदार असतात.

दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. एखाद्या विभागातल्या सगळ्या लॉटांचे टक्के नुसते बेरजेला घेतले तर तिथे साधारण किती लॉट असतील ते येतं. ग्राइंडिंगला १७.४, असं काहीतरी. कुठलाच लॉट नक्की कुठे हे माहीत नसताना एकूण मात्र जवळपास बरोबर, कारण एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीत बरीचशी विरते. जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे की आत असलेला माल म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. ग्राइंडिंगला दिवसाला ६ लॉट येतात आणि १७.४ आत आहेत, तर नवा लॉट साधारण तीन दिवस अडकणार. हा एक भागाकार करून मी डिस्पॅचला तारीख देते, आणि ती पूर्वीपेक्षा जास्त वेळा खरी ठरते.

एक सुविधा मात्र नाही आणि ती असायला हवी. शोधाची यादी फक्त शक्यतेने लावलेली येते, अंतराने नाही. रिवर्क ४५ टक्के पण जाऊन-येऊन बारा मिनिटं, शेजारचा रॅक ३० टक्के आणि दोन मिनिटं. कोणीही शहाणा आधी शेजारी बघेल: मिनिटामागे १५ टक्के विरुद्ध पावणेचार. एवढा भागाकार पडद्यावर नाही म्हणून मी विभागांची अंतरं एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवली आहेत.

तुमच्याकडे माल सरळ रेषेत जात असेल, एकामागे एक, पहिला आत पहिला बाहेर, तर हे घेऊ नका. बारकोड पुरेल. वाटा फुटत असतील, रिवर्क असेल, डबे बदलत असतील तर विचार करा, पण आधी महिनाभर स्वतःची वही करा. निव्वळ "शेवटी दिसला तिथेच असेल" हा अंदाज दहांत किती वेळा बरोबर येतो ते त्यात लिहा. आमच्याकडे हा आकडा विकत घेण्याआधी कोणी काढला नाही, आणि आता नेमका किती फरक पडला हे साहेबांना सांगता येत नाही म्हणून मीच शिव्या खाते.

काल फोरमन काकांचा फोन आला. "मॅडम, तो मोठ्या शाफ्टचा लॉट सत्तर टक्के माझ्याकडे, तीस टक्के शॉट ब्लास्टला." मी विचारलं, पडद्यावर बघितलंत का? म्हणाले, "पडद्यावर साठ-चाळीस आहे. दहा मी माझ्याकडून टाकले, आत्ताच ट्रॉली दारातून जाताना बघितली." दहा थोडे कमीच टाकले असावेत, लॉट त्यांच्याकडेच निघाला.

फुटलेल्या लॉटच्या दुसऱ्या डब्याला सध्या मी पिवळी चिकटपट्टी लावते. पट्टीचं रीळ प्लॅनिंगच्या टेबलावर, डाव्या खणात असतं. शंभर टक्के.